रिकामे डबे आणि आमचे व्याही

जगातल्या सगळ्या काळज्यांना मुक्कामाला कुठेतरी जावं लागत असणार, आणि त्यातल्या निम्म्याअधिक आळेफाट्याला उतरून आमच्या व्याह्यांकडे जात असत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. उरलेल्या कुणाकडे अडकून पडल्या असतील तर व्याही स्वतः जाऊन त्यांना घेऊन येत. मी उभी हयात एस.टी.त काढली. गर्दीत पोर हरवलेल्या आया पाहिल्या, परीक्षेची वेळ टळत चाललेले विद्यार्थी पाहिले, वऱ्हाडाची गाडी घाटात बंद पडलेले नवरदेव पाहिले. त्यांच्या काळज्या गाडी आली की संपायच्या. पण काळजी हाच ज्याचा मुख्य धंदा आणि बाकी सगळा जोडधंदा, असा माणूस मी एकच पाहिला, आणि योग असा की माझी एकुलती एक मुलगी मी त्याच्याच घरात दिली. मी स्वतः निर्धास्त माणूस. एक गाडी चुकली तर मागून दुसरी येते, या विश्वासावर माझं आयुष्य बरं चाललं होतं. या गृहस्थांनी ते बिघडवलं.

ओळख झाली तीही एका काळजीतूनच. मी तेव्हा आळेफाट्याच्या स्टँडवर नियंत्रक होतो. म्हणजे खिडकीत बसायचं, भोंग्यावरून गाड्या पुकारायच्या आणि उशिरा आलेल्या गाडीच्या शिव्या स्वतः खायच्या. एका सकाळी खिडकीत एक लांबोडका चेहरा आला. डोक्यावर टोपी, आणि गळ्यात तुळशीच्या माळेच्या जोडीला तांबड्या दोऱ्यात ओवलेलं लोहचुंबक. ओतूरकडून आलेल्या गाडीच्या टपावर त्यांची पोती होती. "सायब, टपावर ताडपत्री घातली व्हती का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पाऊस कुठाय? डिसेंबर चाललाय." ते म्हणाले, "पावसाचं न्हाई इचारत. दवाचं इचारतोय." मग ते पोती उतरवून तिथंच धुळीत बसले आणि आतून शीतपेयांचे रिकामे डबे एकेक काढून कानाशी हलवून बघायला लागले, नारळात पाणी आहे का ते बघतात तसे. ते पाहण्याच्या नादात मी नाशिकची गाडी कल्याणची म्हणून पुकारली, आणि एक नवं जोडपं जवळजवळ भलत्याच सासरी गेलं असतं.

तर हा त्यांचा जोडधंदा, भंगाराचा. स्टँडच्या मागच्या अंगाला पत्र्याचं आवार, आणि वस्तीपासून चांगली लांब, उघड्या माळावर, जर्मन वितळवायची भट्टी. ॲल्युमिनियमला आमच्याकडे कुणी ॲल्युमिनियम म्हणत नाही, जर्मनच म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनची किटली. पूर्वी त्यांच्याकडे अशी चेपकी पातेलीच यायची. नव्वद साल उलटून काही वर्षं गेल्यावर हे डबे यायला लागले. शहरातली मंडळी पावसाळ्यात माळशेज घाट बघायला यायची, धबधब्याखाली उभं राहून डबे तोंडाला लावायची आणि रिकामे झाले की दरीत भिरकावायची. घाटाजवळच्या वाड्यांमधली माणसं भात आणि नाचणी घरात आली की सवडीनं ते डबे वेचायची, आणि पोती ओतूरपर्यंत खांद्यावरून आणायची. व्याह्यांनी पहिला डबा हातात घेतला तेव्हा त्याला चुंबक लावून पाहिलं, तर झाकण जर्मनचं आणि अंग लोखंडी निघालं. तेव्हापासून त्यांचा डबा या जातीवरचाच विश्वास उडाला. प्रत्येक डबा आधी चुंबकाला लावायचा. मग कानाशी हलवायचा. मग त्याच्या बुडाला खिळा ठोकून भोक पाडायचं, आणि बांबूच्या मांडवावर तोंड खाली करून उन्हात ठेवायचा. वाळला की पायाखाली चेपायचा, चेपला की पुन्हा उन्हात. मग तापल्या पत्र्यावर त्याचा रंग जाळायचा, आणि एवढं सोसून उरला तर मुशीत. मूस म्हणजे भट्टीतलं ते जाडजूड भांडं, ज्यात जर्मन वितळून दुधासारखं पांढरं होतं. त्यात मीठ टाकायचं म्हणजे घाण वर येते. पण मिठाला ओल धरते, म्हणून मीठही आधी कढईत भाजून घ्यायचं. झाऱ्यानं वरची कीट काढायची आणि रस साच्यात ओतायचा, तोही साचा आधी शेकून कोरडा केलेला. त्याच्या लाद्या व्हायच्या. त्या पुण्याच्या भांडीवाल्यांकडे जायच्या आणि वर्षभरात फिरून कुणाच्या तरी चुलीवर पातेलं होऊन बसायच्या. "सायब, ह्याला मरान न्हाई," ते मला म्हणत. "मानूस एकदा जळला की गेला. ह्यो डबा कितीबी डाव वितळवा, परत आपला त्योच."

मग एवढी धडपड कशासाठी, असं कुणीही विचारील. पाण्यासाठी. वितळलेल्या जर्मनच्या पोटात पाणी गेलं की क्षणात त्याची वाफ होते, आणि ती वाफ मुशीतला रस घेऊन वर उडते. समोर उभ्या माणसाच्या तोंडावर. डब्यात घोटभर पाणी राहिलं तरी तेवढं पुरतं, आणि तोंड बंद असलेल्या डब्यात राहिलं तर विचारायलाच नको. व्याह्यांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत पांढरे डाग होते. ते कशाचे असं विचारलं की ते बाही खाली ओढून गाड्यांच्या वेळा विचारायला लागत.

यात गोम अशी, की डबे सगळ्यात जास्त पडत पावसाळ्यात आणि पावसाळ्यातच यांची भट्टी बंद. आकाशात ढग दिसला की भट्टीवरची माणसं घरी पाठवायची, असा दंडक. त्यामुळे दसऱ्यापर्यंत सगळी पोती राहत्या घरात. ओसरीत पोती, माजघरात पोती, देवघरापुढे पोती. विहीणबाई त्या पोत्यांच्या बोळीतून स्वयंपाकघरात जायच्या. वारा सुटला की सगळं घर खुळखुळायचं. पाहुणा दचकला की त्या शांतपणे सांगायच्या, "काय न्हाई, ह्यांच्या काळज्या वाजत्यात."

पुढं पुढं हे सगळं भट्टीपुरतं राहिलं नाही. चहा प्यायला ग्लास दिला तर व्याही तो आधी पालथा करून झटकत. वहाण घालताना उलटी करून आपटत. आमच्या स्टँडवर पिण्याच्या पाण्याचा एक रांजण होता आणि त्यावरचा पेला लोक उताणा टाकून जात. व्याही जाता-येता तो पालथा घालून जात. एकदा पुण्याच्या गाडीत बसल्यावर त्यांना तो पेला आठवला, आणि चालू गाडी थांबवून ते परत आले. वाहकानं मला सांगितलं, "साहेब, मला वाटलं यांचं पोर राहिलं." एकदा त्यांना घेऊन मी खोडदला एका लग्नाला गेलो. तिथं आकाशातले आवाज ऐकणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड थाळ्या पहिल्यांदाच त्यांच्या नजरेला पडल्या, तोंडं आभाळाकडे करून उभ्या असलेल्या. गृहस्थांचा घास घशाखाली उतरेना. "एवढाल्या थाळ्या उताण्या ठिवल्यात," ते पुन्हापुन्हा म्हणत राहिले. "पानी किती साठत आसंल. खाली मान्सं काम करत्यात." शेवटी तिथं नोकरीला असलेल्या एकाला मी हाताला धरून आणलं. त्यानं सांगितलं की थाळ्या तारेच्या जाळीच्या आहेत, पाणी आरपार जातं. तेव्हा कुठे यांनी जिलबीला हात लावला. "ज्यानं केल्यात त्यो शाना मानूस आसनार," म्हणाले, आणि त्या अनोळखी शास्त्रज्ञाबद्दल त्यांच्या मनात जो आदर बसला तो कायमचा.

माझ्या मुलीला ते बघायला आले ती हकिगत आमच्या पेठ गावात अजून सांगतात. माझी मुलगी सुनीता, त्यांचा मुलगा दत्तू. पोहे झाले, नाव-शिक्षण झालं. दत्तू खाली बघून बसलेला. मुलगा सरळ, हात कामाचे, मला आवडला होता. माझ्या चुलत्यांनी प्रथेप्रमाणे म्हटलं, "विचारा, मुलीला काय विचारायचं ते." व्याह्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "पोरी, पातेलं धुतल्यावर पालथं घालती का उतानं ठिवती?" बैठकीत चुळबुळ झाली. सुनीता म्हणाली, "पालथं. उताणं ठेवलं तर बुडाशी पाणी राहतं." झालं. गृहस्थांनी डोळे पुसले. पत्रिका, मानपान, हुंडा, कशाचंही नाव न काढता ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "पावणं, आमचं ठरलं. तुमी काय ते ठरवा." त्या दिवसापासून मी त्यांचा साहेब राहिलो नाही, पावणा झालो.

साखरपुडा आमच्याकडे पेठला झाला. व्याह्यांचे कुणी नातलग मुंबईला होते, त्यांनी हौसेनं शीतपेयाच्या डब्यांची खोकी आणली होती. आमच्या आळीत अशी वस्तू प्रथमच आली. म्हाताऱ्यांनी एकेक घोट घेतला आणि नाकात झिणझिण्या आल्यावर डबा शेजाऱ्याकडे सरकवला. पण डबे मात्र सगळ्यांना आवडले. चकचकीत, रंगीत, चित्रं काढलेले. निघताना व्याही दारात थांबले. आता हे काहीतरी मानाचं मागणार असं वाटून आम्ही सावरून उभे राहिलो. ते म्हणाले, "पावणं, बाकी काय नको. डबे तेवढे रिकामे झाले की परत द्या."

आता आमच्याकडे शेजारणीचं भांडं परत करायचं तर कुणी रिकामं करत नाही. चार शेंगा, मूठभर दाणे, गुळाचा खडा, काहीतरी आत घालूनच भांडं द्यायचं. इथं तर मुलीच्या सासरहून आलेली पहिली भांडी. असलं देखणं भांडं कुणी मोडीत घालील हे आमच्या मंडळींच्या, म्हणजे सुनीताच्या आईच्या, स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. त्यांनी शेजारच्या बायका बोलावल्या. प्रत्येक डबा आतून-बाहेरून धुतला. त्या बारीकशा भोकातून घातलेलं पाणी सगळं बाहेर येत नाही, हे कुणी बघितलं नाही. बघायचं कारणही नव्हतं, तांदूळ काय, भिजायचेच असतात. मग कागदाचं नरसाळं करून प्रत्येक डब्यात आंबेमोहोर तांदूळ आणि गुळाचे खडे घातले, ते सांडू नयेत म्हणून तोंडाला कणकेची टिकली चिकटवली आणि वर कुंकवाचं बोट लावलं. "विहीणबाईंनी उघडलं की कळेल पेठची माणसं कशी आहेत," मंडळी म्हणाल्या. मलाही छाती फुगल्यासारखं झालं. सकाळच्या गाडीला मी पोती घेऊन कामावर गेलो. स्टँडवर दत्तू आला आणि घेऊन गेला. व्याही लग्नाची सुपारी घेऊन ओतूरला गेले होते.

दुपारी ते परतले आणि नेहमीप्रमाणे माझ्या खिडकीशी चहाला आले. लग्नापर्यंतच्या काळज्यांची उजळणी चालू होती. मांडवाच्या कापडात पाणी साठतं का, आचाऱ्याच्या कढया कुठल्या धातूच्या. मी त्यांना जरा हसवावं म्हणून म्हटलं, "व्याही, तुमचे डबे पोचते केले बरं का. दत्तूच्या हातात दिले. आणि रिकामे नाही पाठवले. आमच्या मंडळींनी एकूणएक धुऊन आत तांदूळ घातलेत, वरून कणकेनं तोंडं बंद करून."

ते हसले नाहीत. अर्धा भरलेला ग्लास त्यांनी खिडकीच्या फळीवर तसाच ठेवला, उताणा. आणि चालायला लागले. चालता चालता पळायला लागले. मला आधी काही कळेना. मग त्यांच्या तोंडून नाही तर माझ्याच डोक्यातून तो शब्द आला, पाणी. मी खिडकी उघडी टाकून त्यांच्यामागे धावलो. नोकरीत असं मी कधी केलं नव्हतं. माळावर भट्टीचा धूर दिसत होता. भट्टी पेटली होती. धापा टाकत मी एकच गोष्ट बघत होतो, माझ्या मुलीचा साखरपुड्यातला चेहरा. धोतराचा सोगा हातात धरून तो म्हातारा माणूस माझ्या पुढं पळत होता आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हता. भट्टी जवळ आली तसा मला दत्तू दिसला. मुशीशी उभा, हातात डब्यांचं टोपलं, उन्हात कुंकवाची बोटं चमकताना दिसत होती. मी ओरडायला तोंड उघडलं, तर व्याह्यांनी वळून माझ्या तोंडावर हात दाबला. चांगला घट्ट. मग हात काढला, पळणं थांबवलं, टोपी सारखी केली आणि रोज जातात तशा चालीनं पोराकडे गेले. शेजारी जाऊन, रोजच्या आवाजात म्हणाले, "दत्तू, टोपलं खाली ठिव. पावणं आल्यात. च्या सांग."

दत्तूनं टोपलं खाली ठेवलं.

व्याह्यांनी पायानं ते टोपलं हळूहळू भट्टीपासून लांब सारलं. मग वाकून एक डबा उचलला, अंगठ्यानं कणीक काढली आणि डबा उलटा केला. फुगलेले तांदूळ, गुळाचं तांबूस पाणी, बरंच पाणी, मातीत पडलं. दत्तूचा चेहरा पांढरा पडला. हा मुलगा बापाच्या हाताखाली शिकलेला, डबा न तपासता कधी मुशीत टाकत नसे. पण दसऱ्याला भट्टीची पूजा होते तेव्हा मुशीत चिमूटभर अक्षता टाकायची त्यांच्याकडे रीत. सासुरवाडीहून कुंकू लावून आलेले, आत तांदूळ वाजणारे डबे बघून त्याला वाटलं, या अक्षताच, या माणसांनी आपल्या धंद्याची पूजा करून पाठवलीय. "कुंकू लावल्याल्या डब्याला खिळा कसा मारायचा, दादा?" तो म्हणाला. "सुनीताच्या घरचं व्हतं. तपासायचं म्हंजी बरं दिसलं नसतं."

व्याही खाली बसले. दत्तू पाणी आणायला गेला तेव्हा ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले. तरुणपणी ते पिंपरीकडे एका फौंड्रीत कामाला होते. जोडीदार ओल्या भंगाराची पाटी घेऊन मुशीवर वाकला होता. "म्या बघितलं. पाटी ओली व्हती. म्या वरडलो, लई मोठ्यांदा वरडलो. त्यानं दचकून माझ्याकडं बघितलं न् हातातली पाटी सुटली." बाही कोपरापर्यंत वर गेली होती, डाग दिसत होते, आणि आज त्यांनी ती खाली ओढली नाही. "माझ्या हातावं उडालं. त्याचं डोळं गेलं. वरडलो नसतो तर त्यानं पाटी सावकाश खाली ठिवली आसती का, ह्ये मला आजून कळत न्हाई." मी त्यांच्या शेजारी मातीत बसलो. खरं सांगायचं तर मला रडू आलं होतं. त्यांच्या ज्या काळज्यांवर सगळा आळेफाटा हसायचा त्या सगळ्यांचं मूळ एका हाकेत होतं, आणि आज त्यांनी ती हाक गिळली होती.

मग ते उठले आणि त्यांना लगेच नवी काळजी लागली. "पावणं, ह्यातलं घरी बायामान्सांना काय सांगू नका. मायमाऊल्यांनी मानानं दिलंय." सगळे डबे त्यांनी घरी नेले, कणीक काढून एकेक रिकामा केला. तांदूळ टाकू दिले नाहीत. विहीणबाईंनी ते धुऊन त्याचा गूळभात केला आणि मला पाटावर बसवून वाढला. मी पेठला परत जाऊन सांगितलं, "तांदळाचं फार कौतुक झालं." मंडळी महिनाभर खुशीत होत्या. त्यांना खरं काय ते मी सुनीताचा पहिला दिवाळसण झाल्यावर सांगितलं, आणि मग त्या दोन दिवस जेवल्या नाहीत.

ते डबे व्याह्यांनी इतरांत मिसळले नाहीत. सगळा उन्हाळा वाळवले, इतके की विहीणबाई म्हणाल्या, आता ह्यांचं लोणचं घाला. मग वेगळे वितळवून त्याची एक लादी केली, आणि पुण्याच्या ओतकाम करणाऱ्याकडून तिचा एक झाकणाचा डबा ओतवून घेतला. डबा जाडजूड, जड, आणि एका बाजूला थोडा कललेला. इतका बेढब डबा आमच्या घरात दुसरा नाही. दिवाळीला तो बाजरी भरून पेठला आला. "रिकामा न्हाई पाठवला," एवढाच निरोप. मंडळींनी उन्हाळ्यात तो शेंगदाणे भरून परत पाठवला. तेव्हापासून तो डबा आळेफाटा ते पेठ असा ये-जा करत राहिला. कधी हुलगे, कधी मटकी, कधी इंद्रायणी. नेणारा-आणणारा मीच. व्याही तो माझ्या हातातून घेत, झाकण न काढता कानाशी नेत आणि हलवत. दाणे कोरडे वाजले की मान डोलवत आणि मगच घरात देत. ते ऐकतानाचा त्यांचा चेहरा मात्र काळजीचा नसायचा. तेवढा एक क्षण त्यांना रजा असायची.

पुढं ट्रक यायला लागले. चेपलेल्या डब्यांचे गठ्ठे बांधून लांबच्या मोठ्या कारखान्यात जायला लागले, आणि दत्तूनं भट्टी विझवून दाबयंत्र घेतलं. मला वाटलं, सुटले बिचारे. पण व्याही सकाळी आवारात जाऊन बसतच राहिले. चष्मा लावून, डबा कानाशी नेऊन, खिळा ठोकून. दत्तू वैतागायचा. "दादा, आता आपल्याकडं मूस न्हाई. कशाला तपासता?" मी एकदा तिथं होतो. ते म्हणाले, "आपल्याकडं न्हाई. पन म्होरं कुठंतरी आसंलच की. तिथं कुनाचा तरी पोरगा उभा आसंल." आणि त्यांनी पुढचा डबा उचलला.

दोन पावसाळे झाले त्यांना जाऊन. छातीचं दुखणं होतं. शेवटच्या दिवसांत मी भेटायला गेलो तर मला जवळ बोलावून विचारलं, "स्टँडवरचा पेला पालथा असतो का?" मला निवृत्त होऊन किती वर्षं झाली होती, तो रांजणही राहिला नव्हता. मी म्हटलं, "असतो."

ते गेले तेव्हा डबा आमच्याकडे होता. पाळी आमची होती. मंडळी आठवण करत आणि मी आज-उद्या करत राहिलो. त्या हातात द्यायचा नाही तर न्यायचा कुणाला, असं वाटायचं. परवा सुनीताचा फोन आला. म्हणाली, "आबा, डबा पाठवा की. दादा असते तर काळजी करत बसले असते." मग मंडळींनी तो घासला, पालथा ठेवला, दोन दिवस ऊन दाखवलं आणि त्यात तांदूळ भरले. आंबेमोहोर. मी डबा मांडीवर घेऊन पेठहून गाडीत बसलो. मंचर गेलं, नारायणगाव गेलं. आळेफाटा जवळ आला तसा माझा जीव उगाच कासावीस व्हायला लागला. झाकण नीट बसलंय का. धुतल्यावर कडेला ओल राहिली असेल का. शेवटी मी डबा उचलून कानाशी नेला आणि हलवला. शेजारचा माणूस माझ्याकडे बघायला लागला. "काय हाय, बाबा?" त्यानं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "तांदूळ कोरडे आहेत."